एडवर्ड वेस्टनची ढोबळी मिरची: एक्स्पोजर, कॉन्टॅक्ट प्रिंट आणि प्रिंटची ओळख

कृष्णधवल

नमस्कार. आमच्या फोटोग्राफी मंडळात एडवर्ड वेस्टनवर (१८८६–१९५८) दोन तासांचं सत्र ठरलं आहे. सोबत ४×५ इंची निगेटिव्हवरून कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून काढलेला, त्याच आकाराचा प्रिंट) करून दाखवायचा बेत आहे. वाचन बरंच झालंय, पण काही ठिकाणी गाडी अडते. जाणकारांनी नेमकं सांगावं, ही विनंती.

१) सॉफ्ट फोकसची (मुद्दाम धूसर ठेवलेली) पोर्ट्रेट काढून नाव मिळवलेला, चांगल्या चालणाऱ्या स्टुडिओचा मालक एकदम धारदार, चकचकीत प्रिंटकडे कसा वळला? मेक्सिकोत गेला आणि बदलला, असं बहुतेक जण लिहितात. इतकं सरळ आहे का?

२) त्याच्या १९३० च्या 'ढोबळी मिरची क्र. ३०' या फोटोचं एक्स्पोजर (फिल्मवर उजेड पडू दिल्याचा वेळ) कुठे सहा मिनिटं दिलंय, कुठे चार ते सहा तास, आणि सोबत एफ/२४० हा लेन्सच्या छिद्राचा आकडा (आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान). काय धरायचं?

३) एन्लार्जर (प्रतिमा मोठी करून कागदावर टाकणारं यंत्र) नाही म्हटल्यावर प्रिंट कसा करायचा तो? डॉजिंग-बर्निंग (प्रिंटचे ठरावीक भाग उजळ किंवा गडद करणं) कसं? केमिकल कोणती? त्यातलं आज काय जमेल?

४) एकाच चित्राच्या प्रिंटच्या किमतींत जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं. का? प्रिंट ओळखायचा कसा?

---

अंधारखोली

पहिल्या प्रश्नाचं लिहितो. बाकीच्यांवर इथे माझ्यापेक्षा जास्त अधिकाराने बोलणारे लोक आहेत.

'मेक्सिकोत गेला आणि बदलला' हे अर्धंच खरं आहे. बदल तीन टप्प्यांत झाला आणि ते वेगवेगळे दाखवलेत तर सत्राला कणा मिळेल: आधी विषय बदलला, मग पाहण्याची पद्धत, आणि कागद सगळ्यात शेवटी.

सुरुवात इलिनॉयमधली. वडील डॉक्टर. त्यांनी १९०२ मध्ये सोळा वर्षांच्या मुलाला कोडॅकचा बुल्स-आय क्र. २ दिला. १९०६ मध्ये तो बहिणीकडे कॅलिफोर्नियात आला आणि घरोघरी जाऊन मुलांचे, पाळीव प्राण्यांचे फोटो काढू लागला. मग इलिनॉय कॉलेज ऑफ फोटोग्राफीत शिक्षण, परत येऊन लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये रिटचिंग आणि प्रिंटिंगची नोकरी, आणि १९११ मध्ये ट्रॉपिकोला (आजचं ग्लेंडेल) स्वतःचा छोटा स्टुडिओ. रिटचिंगच्या नोकरीकडे दुर्लक्ष करू नका. पेन्सिल आणि चाकूने निगेटिव्हवरच्या सुरकुत्या कशा घालवतात हे ज्याने रोज केलंय, तोच पुढे 'माझी पोर्ट्रेट रिटच न केलेलीच मिळतील' असं ठरवतो. हे १९३४ मधलं. म्हणजे ज्या धंद्यावर घर चाललं होतं, त्या धंद्यात रिटचिंग पूर्ण बंद करायला त्याला दोन तपं लागली.

१९२२ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर महत्त्वाचा. बहीण मे तेव्हा ओहायोत मिडलटाउनला होती. तिथे त्याने आर्मको पोलाद कारखान्याच्या धुरांड्यांचे फोटो काढले आणि तिथून न्यूयॉर्कला जाऊन स्टीग्लिट्झ, पॉल स्ट्रँड, चार्ल्स शीलर या फोटोग्राफरांना भेटला. धुरांडी स्वच्छ, कडक रेषेची आहेत. म्हणजे मेक्सिकोला निघण्याच्या अगोदरच दिशा ठरली होती. १९२३ च्या उन्हाळ्यात तो प्रेयसी टीना मोदोत्ती आणि थोरला मुलगा चँडलर यांना घेऊन निघाला. टीनाशी ठरलं होतं ते असं: तो तिला फोटोग्राफी शिकवेल, ती स्टुडिओ सांभाळेल आणि स्पॅनिशची बाजू बघेल. रिव्हेरा, सिकेरोस, ओरोस्को या चित्रकारांनी त्याच्या कामाला मान दिला. तिथेच १९२५ मध्ये त्याने घरातल्या शौचाच्या भांड्याचे फोटो काढले. चिनी मातीचा तो बाक बघा आणि लगेच १९२७ चे शंख बघा. पडद्यावर ही दोन चित्रं शेजारी लावाच.

पण कागद? मेक्सिकोतले कितीतरी प्रिंट अजूनही प्लॅटिनम-पॅलेडियमचे (चांदीऐवजी या धातूंची प्रतिमा असलेले), मॅट. धार लेन्समध्ये आली होती, प्रिंटवर अजून मऊ पृष्ठभाग होता. ग्लॉसी सिल्व्हर कागदावर तो १९३० च्या आसपास पूर्णपणे आला. म्हणजे मिरची आणि ग्लॉसी कागद एकाच काळातले. त्या मिरचीच्या सालीवरची चमक मॅट कागदावर अर्धी मेली असती.

अजून एक. फोटोग्राफर मार्गरेथ मॅदरचं नाव सत्रात हवंच. १९१० च्या दशकापासून ती त्याच्यासोबत काम करत होती आणि १९२१ मध्ये काही फोटोंवर दोघांच्या सह्या आहेत. आकृती कुठे ठेवायची, भिंतीवर किती रिकामी जागा सोडायची, हे तो तिच्याकडून शिकला असं त्या काळातले दोघांचे प्रिंट शेजारी ठेवल्यावर माझं ठाम मत होतं.

पैशाची बाजूही सांगा. १९३५ मध्ये त्याने महिन्याला एक प्रिंट देणारी योजना काढली. वर्गणी महिना ५ डॉलर, प्रत्येक प्रिंटच्या फक्त ४० प्रती. सभासद ११ च्या वर गेले नाहीत असं मानतात. ही मिरचीनंतरची गोष्ट आहे, आधीची नव्हे.

---

भाताकॅमेरा

दुसरा प्रश्न माझा. 'ढोबळी मिरची क्र. ३०'साठी सहा मिनिटं धरा. वेस्टनच्या स्वतःच्या रोजनिशीत ऑगस्ट १९३० मध्ये तसं स्पष्ट आहे: मिरची नरसाळ्यात ठेवली, झाइस लेन्सने फोकस केलं, सहा मिनिटांचं एक्स्पोजर दिलं. लांबलचक तासांचे आकडे मुख्यतः १९२७ च्या शंखांना लागू आहेत. तिथे साडेचार तासांच्या एक्स्पोजरची नोंद आहे आणि त्या वेळात घरातली मुलं आणि मांजरं शांत ठेवण्याचा वैतागही. दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या गेल्या आहेत.

आता एफ/२४० चं गणित करून बघू. सत्रात फळ्यावर करता येईल.

८×१० च्या चौकटीत ढोबळी मिरची भरायची म्हणजे प्रतिमा जवळजवळ वस्तूएवढी, १:१. त्यासाठी भाता (लेन्स आणि फिल्ममधला घडीचा भाग) फोकल लेंग्थच्या दुप्पट ओढावा लागतो. २१ सेंटिमीटरच्या लेन्सला ४२ सेंटिमीटर. प्रकाश चौपट कमी पोचतो, म्हणजे दोन स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) भुर्दंड. आणि लेन्सवर लिहिलेला एफ-आकडा प्रत्यक्षात दुपटीचा होतो: एफ/३६ चा एफ/७२, एफ/६४ चा एफ/१२८, एफ/२४० चा एफ/४८०.

डिफ्रॅक्शनच्या (लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरून उमटणाऱ्या) ठिपक्याचा व्यास मिलिमीटरमध्ये हवा असेल तर हा प्रत्यक्ष एफ-आकडा ०.००१३४ ने गुणा (हिरव्या प्रकाशासाठी). एफ/७२ ला साधारण ०.१ मिमी, एफ/१२८ ला ०.१७ मिमी, एफ/४८० ला ०.६४ मिमी. पंचवीस सेंटिमीटरवरून डोळ्याला सुमारे ०.१ मिमीचा तपशील दिसतो. कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये काही मोठं होत नाही, त्यामुळे ०.१७ पर्यंत चालून जातं. ०.६४ मिमीचा ठिपका मात्र नुसत्या डोळ्यांना मऊ दिसेल. मिरचीच्या चांगल्या प्रिंटमध्ये सालीवरचे बारीक डाग कडेपर्यंत स्वच्छ आहेत. त्यामुळे हे चित्र एफ/२४० ने काढलेलं नाही असं मी म्हणेन.

मग एवढा छोटा स्टॉप हवाच कशाला? डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे किती खोलीपर्यंत धार मिळते ते. १:१ ला एफ/३६ वर, कॉन्टॅक्ट प्रिंटसाठी ०.२ मिमीची ढिलाई धरली तरी, पुढून मागून मिळून तीन सेंटिमीटरच्या आतच धार मिळते. एफ/६४ ला पाच सेंटिमीटर. मिरचीचा दिसणारा पुढचा अर्धा भाग साधारण तेवढाच खोल असतो.

सहा मिनिटं कुठून आली तेही बघा. लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते, रेसिप्रॉसिटी फेल्युअर. जुन्या पद्धतीच्या इमल्शनला (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थराला), उदाहरणार्थ कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या तक्त्यात, मीटरने १० सेकंद सांगितले तर ५० द्यावे लागतात, १०० सांगितले तर १२०० सेकंद. त्या हिशोबाने ३६० सेकंद म्हणजे मोजलेले ४० सेकंद. वेस्टनची फिल्म ट्राय-एक्स नव्हती, पण वळण असंच असतं. खिडकीच्या सावलीतल्या उजेडाला हे पटण्यासारखं आहे.

मंडळात करून दाखवायचं असेल तर ४×५ साठी असं मांडा. १५० मिमी लेन्स, प्रतिमा पाऊणपट, भाता २६ सेंटिमीटर, एक्स्पोजर तिप्पट. इलफर्डची एफपी४ फिल्म, मीटरवर आयएसओ १००. खिडकीच्या आत, ऊन थेट येत नसताना, मीटर एफ/४५ ला १६ सेकंद सांगेल असं समजा. तिप्पट केले की ४९. इलफर्डच्या सूत्राने ४९ चा १.२६ वा घात, म्हणजे १३५ सेकंद. सव्वादोन मिनिटं. क्रम महत्त्वाचा: आधी भात्याची भरपाई, मग रेसिप्रॉसिटी. उलट केलंत तर निगेटिव्ह पातळ येईल आणि सावल्या कोऱ्या राहतील. लांब एक्स्पोजरने कॉन्ट्रास्ट वाढतो, म्हणून डेव्हलपिंगची वेळ सुमारे २० टक्के कमी करा.

---

कृष्णधवल

हे गणित कुठेच इतकं सुटसुटीत मिळालं नव्हतं. नरसाळ्याबद्दल थोडं सांगाल का? पत्र्याचं मोठं नरसाळं आणलंय, पण पार्श्वभूमीत पांढरे पट्टे येतायत.

---

भाताकॅमेरा

आतला पत्रा नवा आणि आरशासारखा असेल तर पट्टे येणारच. चमक मारायला आतून बारीक सँडपेपर गोल गोल, एकाच दिशेने फिरवा. रंग लावू नका. राखाडी रंगाने परतणारा प्रकाश मरतो आणि नरसाळ्याचा उपयोगच संपतो.

उपयोग काय ते समजून घेतलं की मांडणी आपोआप जमते. वेस्टनने आधी साधं मलमल आणि पांढरा पुठ्ठा लावून पाहिला, कॉन्ट्रास्ट फार येत होता. मग नरसाळं आडवं ठेवून त्याच्या तोंडाशी आत मिरची ठेवली. उतरत्या भिंती बाजूंनी आणि खालून मंद उजेड परत मिरचीच्या कडांवर टाकतात, आणि नरसाळं मागे निमुळतं होत जातं तसा उजेड कमी होऊन पार्श्वभूमी काळोखात जाते. म्हणजे कडा उजळलेल्या आणि मागे अंधार, एकाच भांड्यातून. म्हणून मुख्य उजेड वरून, किंचित पुढून. बाजूने दिवा लावलात तर दूरची भिंत पेटेल.

मिरची तोंडापासून फार आत सारू नका. तोंडाच्या कडेची गोल रेघ चौकटीत येत असेल तर कॅमेरा जवळ न्या, मिरची आत ढकलू नका.

बिघडतं ते हलण्याने. मिरची गोल असते, उतरत्या पत्र्यावर हळूहळू सरकते आणि दोन मिनिटांत अर्धा मिलिमीटर सरकली तरी चित्र गेलं. खाली मागच्या बाजूला चिमूटभर मेण किंवा मळलेली कणीक लावा. हॅलोजन दिवा जवळ नको, साल सुकते आणि चमक जाते. पंखा बंद. फिल्म होल्डरची स्लाइड (झाकणपट्टी) काढल्यावर कॅमेरा स्थिर व्हायला अर्धा मिनिट थांबा, मगच शटर उघडा.

आणि मिरची निवडताना सरळ, सुबक नकोच. दोन-तीन फुगवटे एकमेकांवर वळलेली शोधा. त्याची शिष्या आणि सोबतीण सोन्या नोस्कोविआकने घरी आणलेल्या मिरच्यांमधूनच त्याची ही मालिका सुरू झाली होती, आणि थोड्याच दिवसांत त्याने किमान तीस निगेटिव्ह केल्या. आधी फिरवून फिरवून ग्राउंड ग्लासवर (कॅमेऱ्यामागच्या दुधी काचेवर) पाहायचं, फिल्म नंतर.

---

चंदेरी कागद

तिसऱ्या प्रश्नावर येतो. आधी एक गोष्ट: ८×१० ची निगेटिव्ह आणि ८×१० चा प्रिंट म्हटल्यावर नंतर क्रॉप करायला काही उरत नाही. चौकट, भात्याचा कल, फोकस, सगळं ग्राउंड ग्लासवर उलट्या प्रतिमेत ठरतं. वेस्टन म्हणायचा की प्रिंट एक्स्पोजरच्या आधीच पूर्ण दिसला पाहिजे. ही काही हवेतली कल्पना नव्हती, त्याच्या साधनांचा नियमच होता.

त्याची डार्करूम अगदी साधी. छताला लोंबणारा बल्ब, खाली काचेची कॉन्टॅक्ट फ्रेम, तीन-चार ट्रे. निगेटिव्हची इमल्शनची बाजू कागदाच्या इमल्शनला लावायची, वरून काच दाबायची, बल्ब पेटवायचा. डॉजिंग हाताने किंवा पुठ्ठ्याच्या तुकड्याने, फ्रेम आणि बल्ब यांच्या मधे. बल्ब वर असल्याने हाताची सावली मऊ पडते, त्यामुळे कडा उमटत नाही. हात थांबू द्यायचा नाही.

निगेटिव्ह तो पायरो या डेव्हलपरमध्ये करायचा. जुना, प्रमाणित एबीसी पायरो असा बनतो, प्रत्येक द्रावण एक लिटर:
अ: सोडियम बायसल्फाइट ९.८ ग्रॅम, पायरोगॅलॉल ६० ग्रॅम, पोटॅशियम ब्रोमाइड १.१ ग्रॅम.
ब: सोडियम सल्फाइट १०५ ग्रॅम.
क: सोडियम कार्बोनेट मोनोहायड्रेट ९० ग्रॅम.
ट्रेमध्ये एकेक भाग अ, ब, क आणि सात भाग पाणी. १८ अंशांना सहा मिनिटांपासून सुरुवात. तीन द्रावणं एकत्र केली की घड्याळ सुरू झालं समजा, रंग कॉफीसारखा झाला तर संपलं. पायरो जिलेटिन कडक करतो आणि निगेटिव्हला पिवळसर-हिरवट डाग देतो. हा डाग निळ्या उजेडाला अडवतो, म्हणून ढगांसारखे फार उजळ भाग प्रिंटमध्ये करपत नाहीत. पण पायरोगॅलॉल विषारी आहे आणि कातडीतून आत जातो. नायट्राइलचे हातमोजे, पावडर वजन करताना मास्क, हवा खेळती. मंडळात नवशिके असतील तर हा प्रयोग करूच नका. त्यांच्यासाठी तयार द्रावणातला पायरोकॅट-एचडी १:१:१०० या प्रमाणात घ्या. हातमोजे तिथेही हवेत, पण पावडर उडण्याची भीती नाही.

प्रिंटसाठी अमिडॉल हा डेव्हलपर. एक लिटरला सोडियम सल्फाइट ३० ग्रॅम, अमिडॉल ६ ते ८ ग्रॅम, १० टक्के पोटॅशियम ब्रोमाइड ३ ते ५ मिलि. अल्कली लागत नाही, सल्फाइटवरच चालतो. तो बाटलीत टिकत नाही, काही तासांत मरतो, म्हणून सत्राच्या दिवशीच बनवा. नखं काळी करतो. त्याचा मुलगा ब्रेट वेस्टनची काळी नखं त्याच्या ओळखीचा भाग झाली होती.

कागद हा खरा अडसर आहे. वेस्टन कॉन्टॅक्ट प्रिंटिंगचे क्लोराइड कागद वापरायचा. ते फार मंद, एन्लार्जिंगच्या कागदापेक्षा कितीतरी पट. म्हणूनच उघडा बल्ब चालतो. कोडॅकने आपला अ‍ॅझो २००५ मध्ये बंद केला. त्यानंतर मायकेल स्मिथ आणि पॉला चॅम्ली यांनी लोडिमा नावाने तसा कागद काढला.

निगेटिव्हची घनता कागदाप्रमाणे हवी. क्लोराइड कागदाच्या ग्रेड २ ला (ग्रेड म्हणजे कागदाच्या कॉन्ट्रास्टची पायरी) घनतेतला फरक १.४ ते १.६ लागतो, नेहमीच्या एन्लार्जिंग कागदाला १.०५ ते १.१ पुरतो. नेहमीच्या फिल्मवर नेहमीची डेव्हलपिंग केली आणि क्लोराइड कागद वापरला तर प्रिंट राखाडी, निस्तेज येईल. दोष कागदाचा नाही, निगेटिव्ह पातळ आहे.

---

कृष्णधवल

क्लोराइड कागद मिळणं कठीण. साध्या मल्टिग्रेड फायबर कागदावर केलं तर? आणि मे महिन्यात नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं.

---

चंदेरी कागद

चालेल, फक्त बल्ब उघडा नको. मल्टिग्रेड कागद इतका वेगवान आहे की ६० वॅटच्या बल्बखाली एका सेकंदाच्या आत काळा होईल आणि डॉजिंगला वेळच उरणार नाही. एन्लार्जरच दिवा म्हणून वापरा: कॅरियर रिकामा, लेन्स एफ/११ किंवा १६, फ्रेमपेक्षा थोडा मोठा उजेडाचा चौकोन. एक्स्पोजर १५ ते २५ सेकंदांच्या मधे येईल असा स्टॉप धरा. ग्रेड २ च्या फिल्टरपासून सुरू करा. टेस्ट स्ट्रिप ४×५ च्या पूर्ण लांबीची कापा, तुकडा नको.

काच निगेटिव्हच्या गुळगुळीत पाठीला लागते, तिथे इंद्रधनुषी वेटोळी येऊ शकतात, न्यूटन रिंग्ज. दमट हवेत जास्त. काच साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा, काचेला किंचित दाणेदार पृष्ठभाग असलेली फ्रेम मिळाली तर उत्तम. आणि काच सपाट दाबली गेली नाही तर मधोमध प्रिंट मऊ येतो, कडांना धारदार. असं दिसलं की फोकसला दोष देऊ नका, फ्रेमच्या स्प्रिंग बघा.

तापमान: डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेमध्ये ठेवा, बाहेरच्यात पाणी आणि बर्फाच्या बंद पिशव्या. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, पातळ होतो आणि प्रमाण बिघडतं. २० ते २१ अंश. स्टॉप बाथ आणि हायपोही (फिक्सरही) दोन-तीन अंशांच्या आतच ठेवा, नाहीतर जिलेटिन आक्रसून सुरकुततं. फायबर कागद धुवायला वाहत्या पाण्यात तास. हायपो क्लिअर (हायपो लवकर निघावा म्हणून) वापरलंत तर वीस मिनिटं पुरतात.

---

जुना पुठ्ठा

चौथा प्रश्न. किमतीतलं अंतर 'कोणी, केव्हा, कोणत्या कागदावर' यातून येतं. चित्र तेच, वस्तू वेगळी.

सर्वांत वरचे त्याने स्वतः त्या काळात केलेले प्रिंट. २००८ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात १९२५ च्या एका नग्नचित्राचा असा प्रिंट १६ लाख डॉलरच्या वर गेला. अशा प्रिंटपैकी १९२० च्या दशकातले प्लॅटिनम-पॅलेडियम: पृष्ठभागाला चमक नाही, प्रतिमा कागदाच्या तंतूंत मुरलेली, तिरपं धरलं तरी चकाकत नाही. समोर वर्षानुवर्षं ठेवलेल्या कागदावर फिकट तपकिरी छाया उमटलेली असेल तर प्लॅटिनमची ती जवळजवळ सहीच. १९३० नंतरचे ग्लॉसी सिल्व्हर: चौकटीपर्यंत कापलेले, पांढऱ्या पुठ्ठ्यावर ड्राय माउंट केलेले (उष्णतेने चिकटवलेले), आणि पुठ्ठ्यावर खाली उजवीकडे पेन्सिलने 'ईडब्ल्यू' आद्याक्षरं आणि वर्ष. काहींवर ५० पैकी कितवा असा क्रमांकही असतो. ५० चा आकडा बघून ५० प्रिंट अस्तित्वात आहेत असं समजू नका. मागणी आली तसे तो करायचा, बहुतेक आवृत्त्या पूर्ण झाल्याच नाहीत.

मग आजार. पार्किन्सनमुळे त्याचं शेवटचं निगेटिव्ह १९४८ चं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॉइंट लोबोसचं. १९५२ चा पन्नास वर्षांचा पोर्टफोलिओ, १२ प्रिंट, ब्रेटने बापाच्या देखरेखीखाली केला. त्यानंतर १९५५ पर्यंत 'प्रोजेक्ट प्रिंट': वेस्टनने निवडलेल्या आठशेच्या वर निगेटिव्हचे प्रत्येकी आठ, तेही ब्रेटने केलेले. १ जानेवारी १९५८ ला वेस्टन गेला. निगेटिव्हवरून पुढे प्रिंट करण्याचा अधिकार त्याने कोल या मुलाला दिला होता. कोलचे प्रिंट मागच्या बाजूला कोलच्या सहीचे असतात. दर्जा उत्तम, किंमत कितीतरी कमी. ज्याला भिंतीवर लावून रोज बघायचंय, त्याने कोलचा प्रिंट घ्यावा, हे माझं स्पष्ट मत.

तपासणी: अंधारात अतिनील दिवा धरा. कागद निळसर-पांढरा चमकला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर आहे, जे फोटो कागदांत १९५० च्या दशकापासून आले. '१९३० चा' म्हणून विकला जाणारा प्रिंट चमकत असेल तर तिथेच थांबा. चमकला नाही म्हणून जुना सिद्ध होत नाही, एवढं लक्षात ठेवा. जुन्या सिल्व्हर प्रिंटच्या गडद भागात तिरपं पाहिल्यावर आरशासारखी निळसर झाक दिसते, चांदी वर आलेली असते. भिंग घेऊन बघा: ठिपक्यांची जाळी दिसली तर तो छापील पोस्टर. आणि चित्र ८×१० पेक्षा मोठं असेल तर विकणाऱ्याला आधी त्याचंच स्पष्टीकरण मागा.

निगेटिव्ह आणि कागदपत्रं १९८१ पासून अ‍ॅरिझोना विद्यापीठाच्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह फोटोग्राफीत, टूसॉनला आहेत.

---

ओळंबा

वरचं सगळं वाचून दोन गोष्टी राहिल्या असं वाटतं.

पहिली, कॅरिस विल्सन. तिला 'मॉडेल आणि दुसरी बायको' एवढ्यावर संपवू नका. १९३७ ची गुगेनहाइम फेलोशिप फोटोग्राफरला मिळालेली पहिली, २००० डॉलरची, आणि १९३८ मध्ये पुन्हा. त्याच्या अर्जाचं सविस्तर लिखाण कॅरिसचं. वेस्टनला गाडी चालवता येत नव्हती. दोन वर्षं कॅलिफोर्निया आणि पश्चिमेत फिरणारी फोर्ड तिने चालवली, नोंदी तिने ठेवल्या, १९४० च्या 'कॅलिफोर्निया अँड द वेस्ट'चा मजकूर तिचा. वेस्टनच्या नावावरचे त्या काळातले फोटोग्राफीवरचे लेखही बऱ्याच अंशी तिने लिहिले. ती नसती तर डेथ व्हॅलीसारख्या ठिकाणांचं ते काम त्या पैशांत आणि त्या वेळात झालंच नसतं.

दुसरी, ग्रुप एफ/६४ हा फोटोग्राफरांचा गट. वेस्टन त्याचा नेता होता असं बऱ्याचदा लिहितात. पुढाकार विलर्ड व्हॅन डाइक आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा. नोव्हेंबर १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात प्रदर्शन झालं, वेस्टन त्यात होता, इमोजेन कनिंगहॅम आणि सोन्या नोस्कोविआकही. पण मिरची त्याच्या दोन वर्षं आधीची. तोपर्यंत त्याची वाट ठरलेली होती, गट नंतर जमला.

हा एक घोळही सत्रात मिटवून टाका: 'वेस्टन' लाइट मीटर या एडवर्ड वेस्टनचा नव्हे. तो न्यू जर्सीतल्या वेस्टन इलेक्ट्रिकल इन्स्ट्रुमेंट कंपनीचा, तिचा संस्थापक इंग्लंडमध्ये जन्मलेला वेगळा एडवर्ड वेस्टन. दोघांचं नातं नाही.

---

कृष्णधवल

सगळ्यांचे मनापासून आभार. सत्राचा क्रम आता असा धरतोय: धुरांडी, शौचाचं भांडं, शंख, मिरची, मग डार्करूम, शेवटी प्रिंटची ओळख. मिरचीचं निगेटिव्ह आदल्या दिवशी करून ठेवू की तिथेच?

---

भाताकॅमेरा

आदल्या दिवशी. फिल्म पूर्ण सुकायला रात्र लागते, आणि ओलसर निगेटिव्ह कॉन्टॅक्ट फ्रेममध्ये दाबलं तर कागदाला चिकटून दोन्ही जातात. सत्रात फक्त मांडणी, ग्राउंड ग्लासवरचं फोकस आणि गणित दाखवा. निगेटिव्ह दोन करा, एक सव्वादोन मिनिटांचं आणि एक रेसिप्रॉसिटीची भरपाई न करता ४९ सेकंदांचं. दोन्ही एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळेला डेव्हलप करा आणि प्रिंटही एकाच एक्स्पोजरने काढा.